गणिताच्या तासाला सॉफ्टवेअर : कोणत्या घटकाला, कोणत्या पायऱ्यांनी, आणि कुठे अडतं

कर्णरेषा (धागाकर्ता)

'कोणतं ॲप चांगलं' याची यादी या धाग्यात नको. एखादा घटक घ्या, त्यात सॉफ्टवेअरकडून नेमकं काय करून घ्यायचं, मुलं कुठे अडतात आणि का, ते लिहा. माझं ठाम मत असं की विद्यार्थ्याने आधी अंदाज बांधला आणि नंतर कारण दिलं, तरच मधल्या सॉफ्टवेअरचा उपयोग होतो. ही दोन टोकं गाळली की उरतं ते हलतं चित्र.

सुरुवात भूमितीपासून. साधन जिओजेब्रा, म्हणजे आकृती रचून ती ओढून-हलवून पाहायचं सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात ते सुरू केलं. शिकण्या-शिकवण्यासाठी मोफत आहे आणि संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही.

पहिलं काम: चौरस. बहुतेक मुलं जाळीच्या रेघांवर चार बिंदू टाकून जोडतात. दिसायला चौरसच. एक शिरोबिंदू धरून ओढला की मोडतो. इथेच 'काढणे' आणि 'रचणे' यातला फरक हाताला कळतो. रचना अशी:

१. रेषाखंड अब.
२. ब मधून अब ला लंब.
३. केंद्र ब असलेलं आणि अ मधून जाणारं वर्तुळ.
४. लंब आणि वर्तुळ यांचा छेदनबिंदू क.
५. क मधून अब ला समांतर रेषा, अ मधून अब ला लंब. त्यांचा छेदनबिंदू ड.
६. बहुभुज अबकड. मदतीच्या रेषा लपवायच्या, पुसायच्या नाहीत. वर्तुळ पुसलं की त्यावर अवलंबून असलेला क जातो आणि क बरोबर चौरसही.

हमखास होणाऱ्या दोन चुका. तिसऱ्या पायरीला 'केंद्र आणि त्रिज्या' हे टूल घेऊन त्रिज्येत ४ टाकलं जातं. तेव्हा अब योगायोगाने ४ असते म्हणून सगळं जुळतं, अ ओढला की चौरसाचा आयत होतो. दुसरी चूक: छेदनबिंदूवर क्लिक जरा बाजूला पडतं आणि क नुसता लंबावर बसतो, वर्तुळाशी त्याचं नातं राहत नाही. ही रंगावरून पकडता येते. मोकळा बिंदू निळा, एखाद्या रेषेवर किंवा वर्तुळावर बसलेला फिकट निळा, पूर्णपणे अवलंबून असलेला काळपट. क आणि ड काळपट नसतील तर रचना चुकली आहे, ओढून पाहायचीही गरज नाही.

आणखी एक. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दाखवताना दशांश स्थळं शून्यावर ठेवू नका. कोन ४७.६, ६१.७ आणि ७०.७ असतील तर पडद्यावर ४८, ६२ आणि ७१ दिसतात. बेरीज १८१! वर्गात हे घडलंच तर घाईने झाकू नका, पूर्णांकन शिकवायला यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. पण ते ठरवून व्हावं.

लसावि

छान धागा. मी भूमितीतच पुढे जातो, कारण 'नंतर कारण दिलं' हा भाग सर्वांत जास्त सुटतो.

कोणताही चौकोन घ्या, चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडा. आतला चौकोन कसा असेल, हे माउसला हात लावण्याआधी वहीत लिहून घ्या. उत्तरं साधारण 'काहीही असू शकेल' किंवा 'बाहेरच्यासारखाच' अशी येतात. मग ओढू द्या. आत कायम समांतरभुज चौकोनच येतो. बाहेरच्या चौकोनाचा एक शिरोबिंदू आत ढकलून तो अंतर्वक्र केला तरी तसाच. हे पिएर वॅरिन्यों यांचं प्रमेय, त्यांच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये छापलं गेलेलं.

इथे थांबलं तर मुलांच्या डोक्यात 'संगणक म्हणतो म्हणून' एवढंच राहतं. पुढची पायरी एकच: बाहेरच्या चौकोनाचा एक कर्ण काढायला सांगा आणि चित्र पुन्हा हलवा. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. प्रत्येकात दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडलेले आहेत, म्हणून आतल्या समोरासमोरच्या दोन बाजू त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या. एक जोडी समांतर आणि समान, झालं. सिद्धता मुलं स्वतः बोलतात, कारण कर्ण काढल्यावर डोळा बरोबर तिथे जातो.

मग उलटे प्रश्न. आत आयत हवा असेल तर बाहेर काय हवं? (कर्ण एकमेकांना लंब.) समभुज चौकोन हवा असेल तर? (कर्ण समान.) पुष्कळजण 'बाहेर आयत किंवा चौरस' असं उत्तर देतात. तेव्हा कर्ण समान पण बाजू वेड्यावाकड्या असलेला चौकोन रचायला लावा. प्रमेय पाठ असणं वेगळं आणि कशामुळे काय होतं हे कळणं वेगळं, हे या एका कामात स्पष्ट होतं.

क्षेत्रफळही दाखवा: बहिर्वक्र आणि अंतर्वक्र दोन्हीत आतलं क्षेत्रफळ बाहेरच्याच्या निम्मं. बाजू एकमेकींना छेदतील इतकं मात्र ओढू देऊ नका. तिथे आतला समांतरभुज राहतो, पण 'बाहेरचं क्षेत्रफळ' म्हणजे काय हाच प्रश्न उभा राहतो आणि तास तिकडेच वाहून जातो.

नवा_घातांक

वर्गात एकच संगणक आणि एकच प्रोजेक्टर असेल तर यातलं किती जमतं?

लसावि

@नवा_घातांक, रचना स्वतः करण्याचा भाग जमत नाही, बाकी बहुतेक सगळं जमतं. पडदा कोरा ठेवा आणि प्रश्न फळ्यावर लिहा. प्रत्येकाने वहीत अंदाज रेखाटायचा, दोन मिनिटं. मग बिंदू ओढायला एका विद्यार्थ्याला बोलवायचं, पण कुठे ओढायचा हे वर्गाने सांगायचं. शिक्षकाने माउस धरला की तो नकळत 'सोयीच्या' आकृत्यांकडेच जातो आणि अडचणीच्या आकृत्या कधी दिसतच नाहीत.

दोघांत एक संगणक ही रचना मला एकाला एकापेक्षा बरी वाटते. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याच्या हातात वही, दर पाच-सात मिनिटांनी बदल. वहीवाल्याने सांगितल्याशिवाय माउसवाल्याने काही करायचं नाही, हा नियम पाळला तर बोलणं आपोआप गणिताचं होतं.

अक्षछेद

आलेखांबद्दल लिहितो. इथे सॉफ्टवेअर सर्वांत जास्त वापरलं जातं आणि सर्वांत जास्त फसवतंही.

आधी अक्षांचं प्रमाण. य = २क्ष आणि य = −क्ष/२ या रेषा लंब आहेत असं शिकवायचं आणि पडद्यावर त्या तिरक्या दिसायच्या, कारण दोन्ही अक्षांची मापं वेगळी झालेली असतात. वर्तुळाची अंडाकृती होते तीही याचमुळे. जिओजेब्रात रिकाम्या जागी राइट क्लिक करून दोन अक्षांचं प्रमाण १ : १ करा. तास सुरू होण्याआधी प्रत्येक संगणकावर हे एकदा पाहावं.

दुसरं, कोनाचं एकक. साइन ३० टाकल्यावर ०.५ ऐवजी −०.९८८ आलं तर सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, ते ३० रेडियन मोजतंय. जिओजेब्रात ३० पुढे अंशाचं चिन्ह द्यावं लागतं, डेसमॉसमध्ये (आलेख काढायचं दुसरं साधन) सेटिंगमधून डिग्री निवडता येते, स्प्रेडशीटमध्ये आधी रेडियन्स फंक्शनने रूपांतर करावं लागतं.

तिसरं, भोकं. (क्ष² − १)/(क्ष − १) चा आलेख काढा, सरळ रेषा दिसते. क्ष = १ ला किंमतच नाही, पण एका बिंदूएवढं भोक पडद्यावर मावत नाही. म्हणून आलेखावर विसंबू नये, क्ष = १ ची किंमत वेगळी विचारावी.

आता माझं आवडतं काम, वर्गबहुपदीसाठी. य = क्ष² + ब·क्ष + २. ब साठी स्लायडर (किंमत बदलायची सरकपट्टी) −६ ते ६, पायरी ०.५. आधी विचारा: ब बदलला तर अन्वस्त (पॅराबोला) कसा सरकेल? 'डावीकडे-उजवीकडे' हे नेहमीचं उत्तर. वहीत लिहून घ्या. मग शिरोबिंदू टाका (एक्स्ट्रीमम ही आज्ञा), त्याच्यावर राइट क्लिक करून 'ट्रेस' चालू करा आणि स्लायडर हळू सरकवा. शिरोबिंदूची वाट म्हणजे उलटा अन्वस्त: य = २ − क्ष². मुलं इथे खरोखर थबकतात. कारण काढायला सोपं आहे: शिरोबिंदूचा क्ष-निर्देशक −ब/२, य-निर्देशक २ − ब²/४, पहिल्यातून ब काढून दुसऱ्यात घाला. जमलं की क्ष² चा सहगुणक १ ऐवजी 'अ' ठेवून वाट कोणती ते आधी कागदावर काढायला लावा (य = २ − अक्ष²), पडदा नंतर.

यात तीन गोष्टी अडतात. ब आणि क्ष यांच्यामध्ये गुणाकाराचं चिन्ह किंवा मोकळी जागा नसेल तर काही आवृत्त्या दोन्ही मिळून एक नवाच चल समजतात आणि त्यासाठी स्लायडर करू का असं विचारतात. मूल 'हो' म्हणतं आणि आलेख भलताच येतो. ट्रेसच्या जुन्या खुणा कंट्रोल आणि एफ दाबून पुसाव्या लागतात, नाहीतर दोन प्रयोगांच्या खुणा मिसळतात. आणि दोन स्लायडर एकाच वेळी द्यायचे नाहीत. अ, ब, क तिन्ही हातात दिले की मूल तिन्ही हलवतं आणि कशाने काय झालं हे सांगता येत नाही. एक मोकळा, बाकी बांधलेले.

नाणेफेक

संभाव्यतेसाठी स्प्रेडशीट पुरते, वेगळं काही लागत नाही. पहिल्या स्तंभात ६०० ओळींत रँडबिटवीन १ ते ६ (दिलेल्या मर्यादेतली यदृच्छ पूर्ण संख्या देणारं फंक्शन), बाजूला काउंटइफने प्रत्येक आकड्याची मोजणी. (फंक्शनची नावं रोमन लिपीतच टाइप करायची. दोन मूल्यांमध्ये स्वल्पविराम की अर्धविराम हे त्या संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर ठरतं. सूत्र चुकलं असं दिसलं की आधी तेच तपासा.) एफ९ दाबलं की नवे ६०० फासे.

मुलांची अपेक्षा असते की प्रत्येक आकडा बरोबर १०० वेळा यावा. ८८ आले की 'फासा खोटा आहे' म्हणतात. इथे किती फरक साहजिक आहे हे शिक्षकाला माहीत हवं. प्रमाण विचलन (सरासरीपासून साधारण किती फरक पडतो त्याचं माप) √(६०० × १/६ × ५/६), म्हणजे सुमारे ९. त्यामुळे त्याच्या दुप्पट वरखाली, म्हणजे ८२ ते ११८ मध्ये काहीही आलं तरी नवल नाही. सहा आकडे एकदम पाहतो, म्हणून एखादा या पल्ल्याच्या जरा बाहेर जाणंही वावगं नाही.

मग हाच प्रयोग ६० आणि ६,००० ओळींवर करा. ६० ला साधारण ४ ते १६, म्हणजे अपेक्षित १० च्या वरखाली ५८ टक्के. ६,००० ला सुमारे ९४२ ते १,०५८, म्हणजे ६ टक्के. फरकाचा आकडा वाढला, ६ वरून ५८ वर गेला, पण टक्केवारी घटली. 'जास्त वेळा टाकलं की आकडे सारखे होतात' या वाक्यात दडलेला घोळ या दोन ओळी शेजारी ठेवल्यावरच सुटतो. नुसता स्तंभालेख दाखवला तर तो तसाच राहतो.

दोन फाशांच्या बेरजेला एक सापळा जरूर ठेवा. बरीच मुलं सरळ रँडबिटवीन २ ते १२ लिहितात. त्यात ६०० पैकी प्रत्येक बेरीज साधारण ५४-५५ वेळा येते. योग्य मांडणी म्हणजे दोन वेगळे स्तंभ आणि तिसऱ्यात बेरीज: ७ सुमारे १०० वेळा, २ जेमतेम १७ वेळा. दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून 'यातला खरा फासा कोणता' असं विचारा आणि हातात दोन खरे फासे द्या. संगणक कोणतंही प्रतिमान बिनतक्रार चालवतो, चुकीचंही. हे फार लवकर कळायला हवं.

एक व्यवहाराची गोष्ट: कोणत्याही कोठ्यात काही टाइप केलं की सगळे फासे पुन्हा पडतात. निकाल वहीत उतरवायचा असेल तर स्तंभ कॉपी करून 'फक्त मूल्ये' म्हणून दुसरीकडे चिकटवा.

बाह्यकोन

@नाणेफेक, २ ते १२ चा सापळा उत्तम. उचलतो.

स्क्रॅचबद्दल (ठोकळे जोडून कार्यक्रम लिहायचं साधन) थोडं. कासवाची भूमिती, म्हणजे पडद्यावर कासव चालवून आकृत्या काढणं, लोगो या प्रोग्रामिंग भाषेपासूनची. लोगो १९६७ ची: वॉली फ्युर्झिग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन. स्क्रॅच २००७ चं. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की मुलं 'तीन वेळा: १०० पुढे, ६० अंश वळा' लिहितात आणि अर्धा षटकोन मिळतो. वळायचं असतं बाह्यकोनाने, १२०. हे सांगून टाकू नका. मुलाला जमिनीवर त्रिकोण चालायला लावा आणि कोपऱ्यावर शरीर किती वळलं ते बघू द्या. पूर्ण फेरीत ३६०, म्हणून न बाजूंना ३६०/न. पाच टोकांच्या तारकेला दर वेळी १४४, एकूण ७२०, म्हणजे दोन फेऱ्या.

पेन हे स्क्रॅचमध्ये वेगळं एक्स्टेन्शन म्हणून जोडावं लागतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला चार ठोकळे हवेतच: सगळं पुसा, ०,० ला जा, दिशा ९०, पेन खाली. नाहीतर दुसऱ्यांदा चालवल्यावर चित्र भलतीकडे सुरू होतं.

रंगमंच ४८० × ३६०, म्हणजे मध्यापासून वर फक्त १८०. बाजू १०० ठेवून अष्टकोन काढला तर त्याची उंची सुमारे २४१ होते, कासव कडेला अडतं आणि आकृती चेपते. मुलांना वाटतं कोन चुकला. बाजू ५० करा.

दिशेचा गोंधळ वेगळाच. स्क्रॅचमध्ये ० म्हणजे वर, ९० म्हणजे उजवीकडे, मोजणी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या टर्टलमध्ये (तिथलं कासव) नेहमीच्या पद्धतीत ० उजवीकडे आणि मोजणी उलट. त्रिकोणमितीच्या आधी स्क्रॅच वापरलं असेल तर हा फरक फळ्यावर मांडूनच पुढे जा.

पडताळा

सराव-चाचण्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. या धाग्यातला सूर रचना-प्रयोगांकडे आहे आणि ते योग्यच, पण अवयव पाडणं, अपूर्णांकांची बेरीज यांना सराव लागतोच, आणि तिथे लगेच मिळणारा प्रतिसाद मोलाचा आहे. अट एवढीच की चाचणी नीट बांधलेली हवी.

चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत नुसत्या अंदाजाने पाच किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ८ टक्के. आणि 'पुन्हा प्रयत्न करा' अमर्याद ठेवलं तर चौथ्या क्लिकला उत्तर येणारच. म्हणून शक्य तिथे उत्तर लिहून घ्यावं. ख्रिस सँग्विन यांनी सुरू केलेली स्टॅक ही प्रणाली मूडलमध्ये (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) चालते आणि मागे मॅक्झिमा हे बीजगणित सॉफ्टवेअर वापरते. त्यामुळे १/२ आणि २/४ एकच हे तिला कळतं.

पण नुसती सममूल्यता तपासली तर मोठं भोक राहतं. 'विस्तार करा: (क्ष+२)(क्ष+३)' या प्रश्नाला मुलाने प्रश्नच जसाच्या तसा टाइप केला तरी तो सममूल्य, पूर्ण गुण! दोन तपासण्या हव्यात: राशी सममूल्य आहे का, आणि ती हव्या त्या रूपात आहे का.

प्रत्येकाला वेगळे आकडे द्यायचे तर सहगुणक यदृच्छेने निवडू नका, बहुतेक वर्गबहुपदींचे पूर्णांकी अवयव पडणार नाहीत. मुळं निवडा, त्यावरून समीकरण बांधा. मुळं −९ ते ९, शून्य सोडून, दोन्ही वेगळी, आणि एक दुसऱ्याच्या विरुद्ध नको. शेवटच्या अटीचं कारण: नेहमीची चूक म्हणजे (क्ष−२)(क्ष−३) = ० वरून −२ आणि −३ लिहिणं. मुळं ५ आणि −५ असतील तर चिन्हं उलटवूनही तीच जोडी येते, चूक झाकली जाते आणि गुण मिळतात. चिन्हं उलटलेली जोडी आली तर 'चूक' एवढंच न दाखवता 'ही किंमत कंसात घालून पाहा, शून्य येतं का?' असा प्रतिसाद द्या. आणि पडद्यावर '+ −३क्ष' असं छापलं जात नाही ना, तेही बघा.

कर्णरेषा

@पडताळा, विरुद्ध मुळांची अट लक्षात ठेवण्यासारखी. देवनागरी आकड्यांचं काय करता? मुलं मराठी कीबोर्डवरून १२ लिहितात आणि बरोबर उत्तर चूक ठरतं.

पडताळा

हे सॉफ्टवेअरच्या आत काय चालतं त्यावर ठरतं. पायथनचं इंट फंक्शन '१२' हे बारा म्हणून वाचतं. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेचं नंबर फंक्शन 'संख्या नाही' म्हणतं. चाचणी स्वतः बनवत असाल तर तपासणीआधी आकडे बदलून घ्या: युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) ० ते ९ हे २४०६ ते २४१५ या जागांवर आहेत, इंग्रजी आकडे (0 ते 9) ४८ ते ५७ वर. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की काम झालं.

स्वल्पविराम याहून घातक. जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटला (मजकुरातून संख्या वाचणारं फंक्शन) इंग्रजी आकड्यांत १,००,००० दिलं तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं आणि १ परत देतं, तक्रार न करता. स्वल्पविराम आधी काढून टाका, किंवा उत्तराच्या चौकटीतच तो टाइप होऊ देऊ नका.

नवा_घातांक

अजून एक. −३² चं उत्तर स्प्रेडशीटमध्ये ९ येतं आणि जिओजेब्रात −९. मुलांना काय सांगायचं?

अक्षछेद

गणिताच्या संकेताप्रमाणे −९, कारण घात आधी आणि ऋण चिन्ह नंतर. एक्सेल आणि लिब्रेऑफिस कॅल्क सूत्राच्या सुरुवातीचं ऋण चिन्ह संख्येला आधी चिकटवतात, म्हणून ९. पण त्याच एक्सेलमध्ये ०−३² लिहिलं तर −९ येतं, कारण तिथे ते वजाबाकीचं चिन्ह झालं. घातावर घात असेल तिथेही असंच: '२, घात ३, घात २' असं कंस न देता ओळीने लिहिलं तर एक्सेल डावीकडून जाऊन ६४ देतं, पायथन उजवीकडून ५१२.

वर्गात हे तिन्ही एकामागोमाग टाइप करून घ्या, आणि प्रत्येक उत्तरासाठी सॉफ्टवेअरने कंस कुठे धरला असेल तो मुलांना वहीत घालायला लावा. त्यानंतर स्प्रेडशीटच्या कामात नियम एकच: ऋण संख्येचा घात असेल तर कंस लिहिल्याशिवाय सूत्र तपासायला घ्यायचं नाही.